बंदुकीच्या दुकानातला एक प्रश्न

अमेरिकेत कुठे शाळेत नाहीतर मॉलमध्ये गोळीबार झाला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तासाभरात एक मेसेज ठरलेला असतो: "वेड्यांच्या हातात बंदुका देतातच कशाला हे लोक?" त्यावर सहा-सात अंगठे येतात, मग कोणीतरी पाण्याच्या टँकरचा विषय काढतं आणि प्रश्न तिथेच राहतो.

देऊ नयेत असा कायदा तिथे १९६८ पासून आहे. १९६३ मध्ये जॉन केनेडींना ज्या रायफलीने मारलं, ती खोट्या नावाने पोस्टाने मागवलेली होती. १९६८ मध्ये आधी मार्टिन ल्यूथर किंग गेले, दोन महिन्यांत रॉबर्ट केनेडी गेले, आणि त्या ऑक्टोबरात अध्यक्ष जॉन्सन यांनी गन कंट्रोल ॲक्टवर सही केली. कोणाला बंदूक द्यायची नाही, याची यादी त्यात आहे. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेले, फरारी, नशेच्या आहारी गेलेले, आणि काही प्रकारचे मनोरुग्ण. सगळी ग्यानबाची मेख त्या 'काही प्रकारचे' मध्ये आहे.

काउंटरवर काय होतं

परवाना असलेल्या दुकानात बंदूक घ्यायला गेलं की एक फॉर्म भरावा लागतो. त्याचा नंबर ४४७३. नाव, पत्ता, जन्मतारीख, आणि मग होय-नाहीच्या चौकटींची रांग. त्यातल्या एका प्रश्नाचा आशय असा: तुम्हाला कधी 'मेंटल डिफेक्टिव' ठरवण्यात आलं आहे का, किंवा मनोरुग्णालयात सक्तीने भरती करण्यात आलं आहे का?

'मेंटल डिफेक्टिव' हा शब्द आज कोणी डॉक्टर तोंडातून काढणार नाही. पण तो कायद्यात बसला आहे, आणि त्याचा अर्थ आपल्याला वाटतो त्याहून बराच अरुंद आहे. मानसिक आजारामुळे हा माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला धोकादायक आहे, किंवा स्वतःचे व्यवहार सांभाळण्याच्या स्थितीत नाही, असं कोर्टाने किंवा तसा अधिकार असलेल्या मंडळाने ठरवलेलं असायला हवं. नाहीतर फौजदारी खटल्यात 'वेडाच्या भरात केलं' असा निकाल झालेला असायला हवा.

नैराश्यासाठी वर्षानुवर्षं गोळ्या चालू आहेत? त्याने बंदी येत नाही. स्वतःहून मनोरुग्णालयात जाऊन राहिलात? त्यानेही नाही. नुसतं निरीक्षणासाठी दोन-तीन दिवस ठेवलं? तरीही नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं आपण म्हणतो. तिथे ती पायरी चढल्याशिवाय कायद्याच्या लेखी तुम्ही आजारीच नसता.

(ग्रुपवर दुसरा हमखास प्रश्न येतो तो आपल्या पोरांचा. एच-वन-बी व्हिसावर गेलेल्याला तिथे सहसा बंदूक घेता येत नाही, मन कितीही ठणठणीत असलं तरी. शिकारीचा परवाना असेल तर मात्र मुभा मिळते. म्हणजे हरणं मारायची असतील तर चालतं.)

फॉर्म भरला की दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेला विचारतो. बहुतेक वेळा काही मिनिटांत उत्तर येतं: विका, थांबा, किंवा विकू नका. 'थांबा' आलं आणि कामकाजाचे तीन दिवस पुढे काहीच कळलं नाही, तर दुकानदार विकू शकतो. आणि ही सगळी चौकशी परवानाधारक दुकानापुरती. शेजाऱ्याने शेजाऱ्याला आपली जुनी बंदूक विकली तर केंद्राच्या कायद्यानुसार कोणाला काही विचारावं लागत नाही. काही राज्यांनी आपापले कडक नियम केले आहेत, ते वेगळं.

यादी कोण भरतं?

हे समजून घ्यायला सिबिल आठवा. तुम्ही कर्ज मागायला गेलात की बँक तुमच्या तोंडाकडे बघत नाही, सिबिलचा अहवाल बघते. पण गावच्या पतसंस्थेचं कर्ज तुम्ही बुडवलं आणि पतसंस्थेने ते कळवलंच नाही, तर अहवाल धुतल्या तांदळासारखा येणार. बँक खोटं बोलत नसते. तिला माहीतच नसतं.

एफबीआयच्या यंत्रणेचं हेच आहे. १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळीबार झाला, त्यात त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रॅडी यांच्या डोक्यात गोळी लागली. ते वाचले, पण कायमचे अपंग झाले. त्यांच्या नावाचा कायदा १९९३ मध्ये झाला आणि संगणकावरची चौकशी १९९८ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. पण कोणाला सक्तीने भरती केलं, कोणाला धोकादायक ठरवलं, हे कागद राज्यांच्या कोर्टांत पडलेले असतात. आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं होतं की केंद्राला राज्याच्या अधिकाऱ्यांना अशा कामाला जुंपता येणार नाही. म्हणजे यादी केंद्राची, मजकूर राज्यांचा, आणि तो पाठवायचा की नाही ही राज्यांची मर्जी. गोपनीयतेची भीती, पैशांचा अभाव, नुसता आळस, अशा नाना कारणांनी कित्येक राज्यांनी वर्षानुवर्षं जवळजवळ काहीच पाठवलं नाही.

एक चौकट आणि बत्तीस माणसं

व्हर्जिनिया टेक हे व्हर्जिनियातल्या ब्लॅक्सबर्ग गावातलं मोठं विद्यापीठ. डिसेंबर २००५ मध्ये तिथल्या एका विद्यार्थ्याने खोलीतल्या सोबत्याला आत्महत्येबद्दल मेसेज केला. पोलिसांनी त्याला रात्री मनोरुग्णालयात नेलं. दुसऱ्या दिवशी, १४ डिसेंबरला, न्यायाधिकाऱ्यासमोर छोटीशी सुनावणी झाली. मानसिक आजारामुळे हा स्वतःला धोकादायक आहे, असा निष्कर्ष निघाला. पण दाखल करून घेण्याऐवजी बाहेरून उपचार घ्यायचा आदेश झाला. घरी राहा, सल्लागाराकडे जा. तो गेला की नाही, हे पुढे कोणी नीट पाहिलं नाही.

आता बारकावा बघा. केंद्राच्या व्याख्येप्रमाणे 'धोकादायक आहे' हा निष्कर्ष निघाला तिथेच बंदी लागू झाली. उपचार आत राहून घ्या नाहीतर बाहेरून, त्याने फरक पडत नाही. व्हर्जिनियाची पद्धत मात्र फक्त आत दाखल केलेल्यांची नावं कळवायची होती. हा मुलगा दाखल झाला नव्हता, म्हणून त्याचं नाव गेलंच नाही.

फेब्रुवारी २००७ मध्ये त्याने पहिलं पिस्तूल घेतलं. ते ऑनलाइन मागवलं आणि गावातल्या गहाणवट दुकानातून ताब्यात घेतलं. त्या वेळी व्हर्जिनियात तीस दिवसांत एकच पिस्तूल घ्यायची मुभा होती. तो महिनाभर थांबला आणि १३ मार्चला रोआनोक शहरात जाऊन दुसरं घेतलं. दोन्ही वेळा चौकशी झाली, दोन्ही वेळा 'विका' असं उत्तर आलं. कायदा पाळण्यात दुकानदारांनी कसूर केली नव्हती, आणि तीस दिवसांचा नियम तर त्या मुलानेही पाळला.

१६ एप्रिलला सकाळी त्याने बत्तीस जणांना मारलं आणि मग स्वतःला. त्या बत्तिसात भारतात जन्मलेले एक प्राध्यापक होते, आणि मुंबईहून वास्तुरचना शिकायला गेलेली एक मुलगी. तेव्हा इथल्या मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर तिचा फोटो होता, ते अनेकांना आठवत असेल.

दोन आठवड्यांत, ३० एप्रिलला, व्हर्जिनियाचे गव्हर्नर टिम केन यांनी आदेश काढून ही फट बुजवली: यापुढे बाहेरून उपचारांचे सक्तीचे आदेशही कळवायचे. जानेवारी २००८ मध्ये केंद्रानेही कायदा केला. राज्यांना जुंपता येत नाही म्हटल्यावर गाजर दाखवलं. माहिती पाठवा, पैसे घ्या. त्यानंतर यादी झपाट्याने भरत गेली.

मग निदान झालेल्या सगळ्यांनाच बंदी का घालत नाहीत?

इथपर्यंत आलं की हा प्रश्न येणारच. त्याला दोन उत्तरं आहेत. एक आकड्याचं, एक माणसाच्या स्वभावाचं.

ड्यूक विद्यापीठातले प्राध्यापक जेफ्री स्वॉन्सन या एकाच विषयावर कित्येक वर्षं काम करत आहेत. त्यांचा हिशेब असा: अमेरिकेतल्या एकूण हिंसेपैकी गंभीर मानसिक आजाराच्या खात्यावर टाकता येईल असा वाटा साधारण चार टक्के. उद्या सकाळी स्किझोफ्रेनिया, बायपोलर आणि तीव्र नैराश्य जगातून नाहीसं झालं, तरी शंभरातले शहाण्णव हिंसेचे प्रसंग होते तिथेच राहतील. तरुण पुरुष असणं, दारू, आधी केलेली मारहाण, बायकोवर हात उचलण्याची सवय, या गोष्टींवरून पुढच्या हिंसेचा अंदाज निदानाच्या चिठ्ठीपेक्षा जास्त चांगला बांधता येतो. सगळ्या मनोरुग्णांना बंदी म्हणजे साप समजून भुई धोपटणं.

दुसरं उत्तर आपल्याला कळायला सोपं आहे, कारण ते आपल्या घरातलं आहे. 'डोक्याच्या डॉक्टरकडे' जायला आपल्याकडे आजही माणसं शेजारचं गाव गाठतात. निदान झालं की सरकारी यादीत नाव, असं कळलं तर बंदूक बाळगणारा पोलीस, शेतकरी, माजी सैनिक आधी काय करेल? डॉक्टरकडे जाणं बंद करेल. ज्याला उपचारांची सगळ्यात जास्त गरज, तोच पहिला पळेल.

म्हणूनच एक गंमत झाली होती. ओबामांच्या अखेरच्या दिवसांत, डिसेंबर २०१६ मध्ये, एक नियम आला: मानसिक आजारामुळे सरकारी अपंगत्व भत्ता मिळतो आणि ज्यांचे पैसे दुसरं कोणीतरी सांभाळतं, अशांची नावं यादीत घालायची. वर्षाला सुमारे ७५ हजार माणसं. बंदूकवाल्यांचा विरोध होणार हे उघड होतं. पण नागरी हक्कांसाठी लढणारी एसीएलयू आणि अपंगांच्या संघटनाही विरोधात उभ्या राहिल्या. बँकेचं पासबुक सांभाळता येत नाही म्हणजे माणूस धोकादायक, हे कुठलं गणित, असा त्यांचा मुद्दा होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये ट्रम्प यांच्या सहीने तो नियम गेला. मला तो मुद्दा बरोबर वाटतो, सही कोणाची होती ते बाजूला ठेवून.

पण मग आजार आणि बंदुकीचा काहीच संबंध नाही?

आहे, आणि तो जिथे आहे तिथे कॅमेरे जात नाहीत.

२०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. म्हणजे निम्म्याहून जास्त. खून २०,९५८. शाळा-मॉलमधले गोळीबार या आकड्यांत शोधावे लागतात. हिंसेशी मानसिक आजाराचं नातं पातळ आहे. आत्महत्येशी ते दाट आहे.

"ज्याला मरायचंच आहे तो काहीतरी करून मरेलच," असं आपण सहज बोलतो. हे खरं नाही, आणि याचा सगळ्यात मोठा पुरावा आपल्या शेजारी, श्रीलंकेत आहे. तिथे १९९५ च्या सुमारास आत्महत्यांचं प्रमाण जगात वरच्या क्रमांकावर होतं. सरकारने सगळ्यात जहाल कीटकनाशकं एकेक करून बाजारातून काढली. दोन दशकांत आत्महत्यांचं प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरलं. लोकांची दुःखं कमी झाली नव्हती. हाताशी असलेली वस्तू बदलली होती. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात फवारणीचं औषध कुलपात ठेवा असं कार्यकर्ते घरोघर सांगतात, त्यामागेही हाच विचार आहे. आत्महत्येची ओढ बऱ्याचदा लाटेसारखी येते आणि ओसरते. प्रयत्नातून वाचलेल्यांपैकी दहातले नऊ जण पुढे आत्महत्येने जात नाहीत. बंदूक ही लाट ओसरायला वेळ देत नाही, एवढाच तिचा दोष, आणि तेवढा पुरेसा आहे. (हे वाचताना कोणाला स्वतःच्या किंवा घरातल्या कोणाच्या बाबतीत काळजी वाटली, तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.)

आजार बाजूला ठेवा, दिवस बघा

हा विचार कायद्यात आला तो 'रेड फ्लॅग' नावाने. लाल बावटा. कनेटिकट राज्याने १९९९ मध्ये सुरुवात केली, इंडियानाने २००५ मध्ये. २०१८ च्या फेब्रुवारीत फ्लोरिडात पार्कलंडच्या शाळेत सतरा जण मारले गेले आणि मग राज्यांची रांग लागली. काही वर्षांत वीसहून अधिक राज्यांत असे कायदे झाले.

पद्धत अशी. पोलीस, आणि बऱ्याच राज्यांत घरचे लोकही, कोर्टात अर्ज करतात: हा माणूस सध्या धोक्याच्या अवस्थेत आहे, बायको गेल्यापासून दारू वाढली आहे, 'सगळ्यांना दाखवतो' म्हणतो, रात्री बंदूक काढून बसतो. न्यायाधीशाला पटलं तर काही दिवसांसाठी बंदुका काढून घेतल्या जातात. मग त्या माणसाला बोलावून पूर्ण सुनावणी, आणि तेव्हाही धोका दिसला तर सहसा वर्षभराची मुदत. निदान लागत नाही, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, आयुष्यभराचा शिक्काही बसत नाही. वागणं बघायचं आणि काळ बघायचा. स्वॉन्सन यांनी कनेटिकटचे कागद तपासले तेव्हा दर दहा ते वीस जप्त्यांमागे एक आत्महत्या टळली, असा त्यांचा अंदाज निघाला.

कोणीही उठून खोटी तक्रार करेल, ही भीती रास्त आहे. म्हणून अर्ज शपथेवर असतो, पुरावा द्यावा लागतो, खोटं निघालं तर शिक्षा आहे. हे सगळं नीट चालतंच असं नाही, पण रचना तशी आहे. हा घटनेने दिलेल्या हक्कावर घाला आहे, असंही तिथले बंदूकप्रेमी म्हणतात. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरगुती हिंसेच्या एका प्रकरणात आठ विरुद्ध एक असा निकाल दिला. दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे असं कोर्टाने ठरवलेल्या माणसाचं शस्त्र तात्पुरतं काढून घेता येतं, असं त्यात म्हटलं. तो निकाल थेट लाल बावट्यावर नव्हता, पण वाट मोकळी करून गेला.

मेन नावाच्या राज्याने मध्यममार्ग काढला होता. त्याला लोक 'पिवळा बावटा' म्हणायचे. घरच्यांना थेट कोर्टात जाता येत नव्हतं. पोलिसांनी आधी माणसाला ताब्यात घ्यायचं, मग वैद्यकीय तपासणी, मग न्यायाधीश. ऑक्टोबर २०२३ मध्ये लुइस्टन गावात लष्कराच्या राखीव दलातल्या एकाने अठरा जणांना मारलं. त्या उन्हाळ्यात तो दोन आठवडे मनोरुग्णालयात होता. घरचे आणि दलातले सहकारी, दोघांनीही पोलिसांना आधी सावध केलं होतं. पोलीस त्याच्या दारापर्यंत गेले, त्याने दार उघडलं नाही, आणि पुढच्या पायऱ्या कोणी चढलंच नाही.

शिक्का पुसता येतो का?

फार अवघड. मिशिगनमधल्या एका गृहस्थाला १९८६ मध्ये घटस्फोटाच्या धक्क्यात काही आठवडे सक्तीने भरती केलं गेलं. नंतर तो धडधाकट आयुष्य जगला. २०११ मध्ये बंदूक घ्यायला गेला तर नकार. पंचवीस वर्षांपूर्वीचा कागद जिवंत होता. बंदी उठवण्यासाठी केंद्राची सोय कायद्यात होती, पण १९९२ पासून संसदेने तिला पैसाच दिला नव्हता, म्हणून तेव्हा ती कुलपात होती. त्याच्या राज्यातही सोय नव्हती. सत्तरी ओलांडलेला तो माणूस कोर्टात गेला आणि २०१६ मध्ये अपिली कोर्टाने त्याचं म्हणणं उचलून धरलं. एका बाजूने यादी इतकी सैल की व्हर्जिनियाचा मुलगा निसटतो, दुसऱ्या बाजूने इतकी चिवट की हा माणूस सुटत नाही.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे बंदूक हा हक्क नाही, परवानगी आहे, त्यामुळे सगळा डोलारा उलटा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'मनोविकल' माणसाला परवाना नाकारायचा, आणि असलेला रद्द करता येतो, असं साफ लिहिलं आहे. शिवाय 'कुठल्याही कारणाने अयोग्य' वाटला तरी नाकारता येतं. म्हणजे जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त यांच्या मताला भरपूर जागा. २०१६ च्या नियमांनी अर्जासोबत वैद्यकीय दाखलाही मागितला आहे.

पण 'मनोविकल' म्हणजे कोण? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं तिसरं कलम सांगतं की मानसिक आजार आहे एवढ्यावरून कोणाला मनोविकल समजायचं नाही, ते सक्षम कोर्टाने ठरवायचं. दोन कायदे दोन टेबलांवर ठेवलेले आहेत आणि दाखला देणारा डॉक्टर बहुधा एकच वाचून सही करतो.

सरकारी शस्त्राला तर हा परवान्याचा कायदा लागूच नाही. ३१ जुलै २०२३ ला जयपूर-मुंबई गाडीत पालघरच्या आसपास रेल्वे सुरक्षा दलाच्या कॉन्स्टेबलने नोकरीच्या रायफलीने आपला वरिष्ठ आणि तीन प्रवासी मारल्याचा गुन्हा दाखल झाला, तेव्हा रेल्वेने आधी त्याच्या मानसिक आजाराबद्दल निवेदन काढलं आणि मग मागे घेतलं. आजारावर बोट ठेवलं की रायफल हातात कोणी दिली, हा पुढचा प्रश्न येतो.

माझं आजोळ सिंधुदुर्गातलं. मोठ्या मामाकडे शेतसंरक्षणाची ठासणीची बंदूक होती, डुकरं-माकडं पळवायला. मामी अचानक गेली आणि मामा बोलेनासा झाला. संध्याकाळी ओटीवर बसून बंदूक पुसायचा, पावसाळ्यात, कारण नसताना. पुढे निवडणूक लागली, सगळ्यांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा झाल्या, तशी त्याचीही झाली. निकाल लागले, गावातले बाकीचे आपापल्या घेऊन आले. धाकटा मामा म्हणाला, "ऱ्हवांदे थंयच, घाई कसली?" मोठ्याने मान हलवली आणि विषय संपला. पोलीस पाटलानेही कधी आठवण केली नाही. दोन वर्षांनी नाचणीत डुकरं शिरायला लागली, तेव्हा मोठा मामा सकाळच्या एसटीने स्वतःच गेला आणि दुपारच्या एसटीने बंदूक घेऊन परत आला.